हाफ डोम: नागपूरच्या सपाटीवरून तयारी करून कोणी गेलंय का?

सदरची_ताई · ९ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. लेक कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. यंदा जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत मी तिच्याकडे आहे. मागच्या खेपेला योसेमिटी नॅशनल पार्कात गेलो होतो तेव्हा हाफ डोम नावाचा तिथला प्रचंड दगडी घुमट फक्त खालून, दरीतून पाहिला. बत्तासा मधोमध कापून उभा करून ठेवावा तसा दिसतो. लेकीने दुर्बीण हातात दिली आणि म्हणाली, "आई, माथ्यावर माणसं दिसतात बघ." मला काही दिसली नाहीत, पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

वय ५३. शाळेत शिकवते, त्यामुळे उभं राहायची सवय आहे, चढायची नाही. कळसूबाई दोनदा केलंय, तिथल्या लोखंडी शिड्यांची भीती वाटली नव्हती. पचमढीचं चौरागड तर लहानपणापासून, वडिलांबरोबर त्रिशूळ घेऊन जायचो. पण ते सगळं दहा वर्षांपूर्वीचं. आता रोजचा चढ म्हणजे शाळेचा जिना.

कोणी जाऊन आलं असेल तर स्पष्ट सांगा, माझ्यासारखीने नाद करावा की नाही? आणि शेवटच्या त्या तारांचं ऐकलंय ते खरंच तसं असतं का?

धंतोलीकर_बे_एरिया · १० फेब्रुवारी, सकाळी ८:०५

ताई, दोनदा गेलोय. एकदा वर पोचलो, एकदा नाही.

आधी आकडे. जाऊन-येऊन २२ ते २६ किलोमीटर, कुठल्या वाटेने जाता त्यावर. चढाई साधारण १,४६० मीटर, वेळ दहा ते बारा तास. दरीतला हॅपी आइल्सचा नाका १,२०० मीटरच्या आसपास आणि माथा २,६९० च्या जवळ. तुम्ही नागपूरच्या ३१० मीटरवरून येणार, म्हणून उतरल्या उतरल्या जाऊ नका. दोन-तीन दिवस वरच्या भागात फिरून घ्या.

तारांचं म्हणाल तर तो शेवटचा १२० मीटरचा तुकडा. गुळगुळीत दगड, उतार ४५ अंशांच्या आसपास. दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर पोलादी दोर, दर दहा फुटांवर खांबांची जोडी आणि तिथे पायाखाली आडवी लाकडी फळी. फळीवर थांबून श्वास घ्यायचा, मग पुढची. चढणारे आणि उतरणारे त्याच दोन दोरांमध्ये, म्हणजे वरून माणूस आला की एका बाजूच्या दोराला चिकटून त्याला वाट द्यायची. फोटोत उभ्या भिंतीसारखं दिसतं, तेवढं नाही. पण पाय घसरला तर खाली अडवायला काही नाही, हेही खरं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तारांनी नाही, उतरणीने रडवलं होतं. वरून खाली यायला साडेपाच तास लागले आणि शेवटचा तास मी बाजूला सरकून म्हाताऱ्या मंडळींना पुढे जाऊ देत होतो.

तर्री_जास्त · १० फेब्रुवारी, सकाळी ११:३०

ताई, काहून बाप्पा एवढ्या दूर जाऊन दगड चढून राहिल्या? आपल्याकडं महाशिवरात्रीले चौरागडावर जा. लोकं खांद्यावर मणभर त्रिशूळ घेऊन चढते, पायात कधी चप्पल असते कधी नसते. नागद्वारीच्या यात्रेत तर पावसात शिड्या चढते म्हातारे. त्याईले कोणी परमिट मागत नाही.

सदरची_ताई · १० फेब्रुवारी, दुपारी ४:१२

@तर्री_जास्त भाऊ, चौरागडही करणारच आहे. महादेवाला आधी विचारूनच अमेरिकेच्या दगडाकडे जाईन. 😄

@धंतोलीकर, परमिटचं सांगा ना. लेक म्हणते सोडत असते.

धंतोलीकर_बे_एरिया · १० फेब्रुवारी, रात्री ९:५०

हो, म्हाडाच्या घरासारखी. दिवसाला जास्तीत जास्त ३०० माणसं. त्यातली २२५ च्या आसपास एका दिवसात जाऊन येणारी, बाकी तंबू घेऊन मुक्काम करणारी. तारा मेच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उभ्या करतात, ऑक्टोबरच्या मध्याला खाली पाडतात.

मोठी सोडत मार्चमध्ये. १ ते ३१ मार्च कधीही रिक्रिएशन डॉट गव्हवर अर्ज भरायचा, निकाल एप्रिलच्या मध्याला. एका अर्जात सहा माणसं आणि सात तारखा देता येतात. अर्जाचे दहा डॉलर गेले ते गेले, लागली तर माणशी आणखी दहा. नाही लागली तर रोजची छोटी सोडत असते: ज्या दिवशी जायचं त्याच्या दोन दिवस आधी, तिथल्या मध्यरात्रीपासून दुपारी चारपर्यंत अर्ज, त्याच रात्री ईमेल.

शनिवार-रविवार मागू नका. सगळं जग तेच मागतं.

खामल्याची_पोर · ११ फेब्रुवारी, दुपारी १:२०

परमिटवरून आठवलं, आमचा घोळ सांगते म्हणजे कोणी करणार नाही. चौघांनी हुशारी करून चार वेगवेगळे अर्ज भरले आणि प्रत्येकात एकमेकांची नावं पर्यायी प्रमुख म्हणून टाकली. चारही बाद! एका माणसाचं नाव प्रमुख किंवा पर्यायी प्रमुख म्हणून एकाच अर्जात चालतं. आणि परमिट दुसऱ्याला देता येत नाही, त्या दोघांपैकी एक जण जागेवर हवाच. पुन्हा मार्च येईपर्यंत आम्ही एकमेकांशी नीट बोलत नव्हतो.

दगडोबा · १२ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

निवृत्त भूवैज्ञानिक आहे, म्हणून राहवत नाही. ताईंचा बत्तासा आवडला, पण हाफ डोम 'अर्धा' नाही. दुसरा अर्धा भाग कुठे गेला असं सगळे विचारतात, तो कधी नव्हताच. मूळ घुमटाचा बराचसा भाग आजही शाबूत आहे. एका बाजूला उभ्या भेगा होत्या, त्या भेगांच्या रेषेत दगड सुटत गेले आणि सरळ कडा राहिला. खालच्या दरीतून हिमनदी गेली, पण माथा बर्फाच्या वर होता.

गोलाई आली ती पापुद्रे सुटून. हा दगड जमिनीखाली खोल थिजला. वरचं ओझं झिजून गेल्यावर तो फुगला आणि कांद्यासारखे थर सुटत गेले. तारांच्या उतारावर तुम्ही अशाच एका थराच्या पाठीवरून चालता. काटेकोर बोलायचं तर हा ग्रॅनोडायोराइट, ग्रॅनाइटचा सख्खा चुलतभाऊ, वय सुमारे ८ कोटी ७० लाख वर्षं. आपली सीताबर्डीची टेकडी ज्या बेसाल्टची आहे तो लाव्हा साडेसहा कोटींच्या आसपासचा. म्हणजे आपला दगड धाकटा.

चढणाऱ्याला यातलं काय कामाचं? बेसाल्ट थरावर थर साचून झाला, म्हणून सह्याद्रीत कडा आला तरी पायरी सापडते, बोटं अडकवायला खाच मिळते. तिथे खाच नाही. सगळा भरवसा बुटाच्या तळव्याच्या घर्षणावर. दगड कोरडा असेल तर खरखरीत कागदासारखा धरतो. ओला झाला की, आणि लाखो बुटांनी घासून गुळगुळीत झालेल्या जागी तर विशेषच, साबण.

धंतोलीकर_बे_एरिया · १२ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

काका, या साबणापायीच आमची दुसरी खेप फसली. थोडा इतिहाससुद्धा ऐका: १८६५ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या प्रमुखाने, जोसिया व्हिटनीने, या माथ्यावर माणसाचं पाऊल कधी पडणारच नाही असं लिहून ठेवलं होतं. १८७५ ला जॉर्ज अँडरसन नावाच्या माणसाने दगडाला भोकं पाडत, त्यात लोखंडी कड्या ठोकत, एका कडीवर उभं राहून पुढची ठोकत माथा गाठला. तारा सिएरा क्लब या निसर्गप्रेमींच्या संस्थेने १९१९ ला बसवल्या.

दगडोबा · १२ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

भूवैज्ञानिकांनी 'कधीच नाही' हे शब्द वापरू नयेत. आमच्या ऑफिसातही हे सांगून दमलो.

गुडघे_आणि_बरंच_काही · १४ फेब्रुवारी, रात्री ११:१०

फिजिओथेरपिस्ट आहे, फुकटचा सल्ला घ्या. नागपुरात चढ नाही ही तक्रार खोटी आहे. दहा मजली इमारत म्हणजे ३० मीटर धरा. हाफ डोमची चढाई म्हणजे ती इमारत ४९ वेळा. एका दिवसात नाही हो! आठवड्यात तीनदा जिना, प्रत्येक वेळी दोन फेऱ्या वाढवत न्या. पाठीवर पाच किलोचं सामान हवंच, कारण तिथे चार लिटर पाणीच चार किलोचं होतं.

आणि उतरताना लिफ्ट घेऊ नका. सगळे तिथेच चुकतात. चढताना दम लागतो, उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात आणि त्या झेलण्याची सवय फक्त उतरूनच होते. हळू उतरा, पाय आपटू नका. दोन काठ्या घ्या. महिन्यातून एकदा रामटेक, पायऱ्यांनी गडमंदिरापर्यंत, तीन-चार वेळा वर-खाली.

तर्री_जास्त · १५ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

रामटेकले चार वेळा वर-खाली केलं तर माकडं ओळखू लागते मग. पिशवी सांभाळजा.

सदरची_ताई · १७ एप्रिल, रात्री १०:२०

निकाल: नाही लागलं. लेकीने सात तारखा दिल्या होत्या, सगळ्या मधल्या वाराच्या, तरी नाही. आता रोजच्या सोडतीवर भिस्त.

तयारी मात्र चालू आहे. आमच्या सोसायटीत नऊ मजले. पहाटे पाचला पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तूरडाळ घेऊन निघते. पहिल्या आठवड्यात चौकीदाराने विचारलं, "मॅडम, लिफ्ट बंद आहे काय?" दुसऱ्या आठवड्यात सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून विचारलं की डाळ विकायला आहे का. आता बारा फेऱ्या होतात. चौरागड महाशिवरात्रीची गर्दी टाळून मार्चच्या शेवटी केलं. उतरताना गुडघा कुरकुरला नाही, त्याचा आनंद जास्त.

हैदराबादी_नागपुरी · १८ एप्रिल, सकाळी ९:००

ताई, जिन्याने दम वाढेल, पण दगडाची ओळख कशी होणार? हैदराबादला कोणी असेल तर येऊन भुवनगिरीचा किल्ला चढून बघा, लोक भोंगीर म्हणतात. अख्खी टेकडी म्हणजे एकच ग्रॅनाइटी कातळ. पायऱ्या सोडून उघड्या दगडावर चार पावलं टाका आणि बूट तपासा. मी महागडे बूट घेऊन गेलो होतो, जाड कडक तळव्याचे, आणि बदकासारखा घसरत होतो. मित्राचे साधे मऊ रबराचे धरत होते. चिखलातल्या ट्रेकिंगचे आणि कातळावरचे बूट वेगळे, हे मला तिथे कळलं.

खामल्याची_पोर · १८ एप्रिल, दुपारी ३:३०

कमरेचा पट्टा आणि हुकांचं काय करायचं? मी तरी घेऊन जाणार. दोन हुक, दोन्ही दोराला. खांब आला की एक काढून पुढे लावायचा, मग दुसरा. एक कायम लागलेला राहतो.

धंतोलीकर_बे_एरिया · १८ एप्रिल, रात्री ८:१५

पट्टा चांगलाच, पण घरी शंभरदा हुक काढघाल करून जा. मागे रांग असते आणि घाबरलेला माणूस हुकाशी झटत एकाच फळीवर पाच मिनिटं उभा राहिला की सगळ्यांचे हात भरून येतात. आणि खांबाला लटकू नका, ते भोकात नुसते बसवलेले असतात, ओढले तर वर येतात. दोर धरा.

हातमोजे विसरू नका, पोलाद तळवे सोलतं. तारांच्या पायथ्याशी लोकांनी टाकलेल्या जुन्या मोज्यांचा ढीग दिसायचा, पार्कवाले त्याला कचरा म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. आपले आपण न्या, आपले आपण आणा.

सदरची_ताई · २८ मे, सकाळी ६:५०

नवतपा लागलाय. पहाटे पाचलासुद्धा जिन्यात भट्टी. वीस फेऱ्या. पुढचं तिकडे गेल्यावर लिहीन.

एक शंका: वाटेत खायला संत्रा बर्फी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या न्यायचा विचार आहे. चालेल ना?

धंतोलीकर_बे_एरिया · २८ मे, सकाळी ११:००

पुऱ्या उत्तम, मीठ पोटात जायलाच हवं. पण डबा रात्री गाडीत ठेवू नका. अस्वलं दार वाकवून आत शिरतात. वासाची प्रत्येक वस्तू, टूथपेस्टसुद्धा, लोखंडी पेटीत ठेवायची, जागोजागी असतात. बर्फीचा वास तर त्यांना धंतोलीपर्यंत येईल.

सदरची_ताई · १५ जुलै, रात्री ९:३०

मंडळी, जाऊन आले. लांब लिहिते, माफ करा.

रोजची सोडत तीनदा हुकली. चौथ्यांदा, ९ जुलैला अर्ज आणि रात्री ईमेल: ११ जुलै, तीन माणसं. मी, लेक आणि तिची मैत्रीण. दुसऱ्या दिवशी सॅन होजेहून निघालो, पार्कच्या जवळ मुक्काम केला.

पहाटे ४:४० ला हॅपी आइल्स सोडलं. डोक्याला दिवे. व्हर्नल धबधब्याच्या पुलाशी नळ आहे, नळाचं पाणी तिथेच शेवटचं. पुढे मिस्ट ट्रेलच्या दगडी पायऱ्या, सहाशेहून जास्त, एकही सारखी नाही. एक गुडघ्यापर्यंत, पुढची वीतभर, सगळ्या ओल्या. आमच्या जिन्याच्या पायऱ्या किती सभ्य आहेत ते तिथे समजलं. उजेड झाला तेव्हा धबधबा बाजूला होता आणि चष्म्यावर इतके तुषार की मी लेकीच्या पिशवीला लटकणारी लाल शिट्टी बघत चढत होते. नेवाडा धबधब्याच्या माथ्यावर पावणेआठ. तिथे पहिली पुरी.

मग लिटल योसेमिटी व्हॅलीची सपाट वाळूची वाट, नंतर झाडांतून चढ. हा भाग कंटाळवाणा आहे, कोणी सांगत नाही. सबडोमच्या, म्हणजे हाफ डोमच्या खांद्यावरच्या छोट्या घुमटाच्या, पायथ्याशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ठरवलं होतं साडेनऊ. रेंजरने परमिट बघितलं, ओळखपत्र बघितलं, आणि आकाशाकडे बोट करून म्हणाला, निर्णय तुमचा, पण लक्ष ठेवा.

सबडोमवर दगडात केलेल्या पायऱ्या, वळणावळणांनी, कठडा नाही. खरं सांगू? माझी सगळ्यात जास्त तंतरली ती इथे. बसून चढले दोन ठिकाणी. वर पोचलो आणि तारा समोर दिसल्या. मुंग्यांची रांग भिंतीवर चढावी तशी माणसं. अंतर असेल पाचेक मिनिटांचं.

त्याच वेळी उत्तर-पूर्वेला, क्लाउड्स रेस्ट नावाचा डोंगर आहे त्याच्या मागून, ढग वर आला. सकाळी पांढरा फ्लॉवरचा गड्डा होता, आता खालून जांभळा. गडगडलं, एकदाच, लांब. लेक म्हणाली, "आई, चाळीस मिनिटं. वर जाऊ, लगेच उतरू." मैत्रीण गप्प. मी तारांकडे पाहिलं. मधे एक बाई फळीवर बसलेली होती, तिच्यामागे पंधरा-वीस माणसं खोळंबलेली, आणि वरून उतरणारे वाट मागत होते. चाळीस मिनिटं कोणाच्या हिशेबाने? उघडा माथा, दोन बाजूंना पोलादी दोर, आणि काकांचा साबण डोक्यात. मी म्हटलं, परत.

लेक काही बोलली नाही. एक शब्द नाही. हातमोजे पिशवीतून काढलेसुद्धा नव्हते.

पाऊस पाऊणच्या सुमारास आला, आम्ही झाडांत होतो. दहा मिनिटं, टपोरे थेंब, मग ऊन. आता सांगा, वर गेलो असतो तर काय झालं असतं? काहीच नाही, कदाचित. तारांवरची बरीच माणसं सुखरूप खाली आली असणार. हे मला आजही टोचतं. घरी सगळे "योग्य निर्णय" म्हणतात आणि मला ते ऐकून राग येतो.

परतताना जॉन म्युअर ट्रेल घेतला, लांब पण पायऱ्या कमी. उतरायला साडेपाच तास, धंतोलीकरांचाच आकडा. गुडघ्यांनी साथ दिली, डावा अंगठा काळा पडलाय. पुन्हा त्या पुलाजवळच्या नळाशी आलो, लेक बाटली भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, पुरी उरलीये का?" एक होती. अर्धी-अर्धी खाल्ली.

गुडघे_आणि_बरंच_काही · १५ जुलै, रात्री १०:०५

अंगठा काळा पडला म्हणजे उतरताना नख पुढे आपटलं. बूट अर्धा नंबर मोठे हवे होते, आणि उतरण्याआधी नाड्या घोट्याशी घट्ट बांधायच्या. हे मी फेब्रुवारीत सांगायला हवं होतं, चूक माझी. बाकी गुडघ्यांचं ऐकून बरं वाटलं.

धंतोलीकर_बे_एरिया · १६ जुलै, सकाळी ९:२०

ताई, तीन वाजता निघायला हवं होतं. जुलैत दुपारी ढग येतातच, बारापर्यंत तारा उतरून झालेलं पाहिजे. बाकी मी काही 'योग्य निर्णय' म्हणत नाही. 🙂 दुसऱ्या खेपेला मी तिथूनच परत आलो होतो आणि चार महिने तोच फोटो बघत होतो.

तर्री_जास्त · १६ जुलै, दुपारी १२:१५

ताई, एवढं सारं चढून पाच मिनिटांवरून वापस? मले तर जमलंच नसतं. मी गेलो असतो अन् मग वरून तुमाले फोन केला असता का बाप्पा कोणी उतरवा मले. तूरडाळीचं काय केलं मग?

सदरची_ताई · १६ जुलै, दुपारी २:४०

@तर्री_जास्त वरण केलं, दुसरं काय! चार महिने पाठीवर फिरलेली डाळ शिजायला जरा जास्त शिट्ट्या घेते.

प्रतापनगरचा_नवखा · ३ नोव्हेंबर, रात्री ११:३५

जुना धागा वर काढतोय, माफी. पुढच्या जूनला ऑफिसच्या कामाने सॅन फ्रान्सिस्कोला जाणार आहे, मार्चमध्ये अर्ज भरेन म्हणतो. ताई, हातमोजे कुठले घेतले होते? ऑनलाइन सगळे मोठ्या मापाचे दिसतात.

सदरची_ताई · ४ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात, रबरी तळव्याचे, गोदामात माल उतरवणारे वापरतात ते. महागड्यांपेक्षा पकड चांगली. माझे अजून कोरे आहेत. माप जुळतं का बघायला सदरला येऊन जा, पण नेऊ नका. मार्चमध्ये मीही अर्ज भरतेय.